मॉनिटर काळाच? केबल बदलायच्या आधी लॅपटॉपनं आतून कडी लावलीय का बघा

डॉक (लॅपटॉपला एका वायरीनं मॉनिटर, माऊस, चार्जिंग सगळं जोडणारा डबा) दोनदा बदलून झाला, एचडीएमआय केबल तिसरी चालूय, मॉनिटर शेजारच्या ऑफिसात नेऊन लावला तर तिथं झक्कास चालला, आणि परत आपल्या टेबलावर आणला की काळाच. "नो सिग्नल" आणि मग तो हळूच झोपून जातो. असले फोन मला सारखे येतात. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही चादर-टॉवेलवाल्यांचे आणि गावातल्या दोन-तीन सीए ऑफिसांचे कॉम्प्युटर बघतो, आणि हल्ली वर्क फ्रॉम होमवाली पोरं-पोरी पण येतात, जुळे सोलापूर, विजापूर रोड साईडची. सगळ्यांचं म्हणणं एकच, "दादा डॉक खराब लागलाय बघा."

डॉक खराब निघतोही कधीकधी, नाही असं नाही. पण बऱ्याचदा डॉक, केबल, मॉनिटर सगळं चांगलं असतंय आणि लॅपटॉपनंच आतून कडी लावलेली असते. विंडोज, मॅक, लिनक्स तिघांनीही गेल्या काही वर्षांत सिक्युरिटी एवढी कडक केलीय की बाहेरून आलेल्या ड्रायव्हरला (म्हणजे जोडलेली वस्तू चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरला) आत घ्यायच्या आधी दहा प्रश्न विचारतात, आणि कधी तर विचारतही नाहीत, गपचूप अडवतात. कुठली कडी लागलीय ते शोधायचं आणि तेवढी एकच काढायची. यूट्यूबवर बघून सगळी सिक्युरिटी बंद करत सुटायचं नाही, त्याचा एक किस्सा पुढं सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. बाहेरून सगळे डॉक सारखेच दिसतात पण आत दोन जाती असतात. पहिल्या जातीत लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड टाइप-सीच्या वायरीतून सरळ चित्र सोडतं, मॉनिटरसाठी वेगळा ड्रायव्हर काही लागत नाही, लावला की चालू. दुसऱ्या जातीत डिस्प्लेलिंकची चिप असते (२०२० पासून ही कंपनी सिनॅप्टिक्सकडे आहे), किंवा सिलिकॉन मोशनची इन्स्टंटव्ह्यूवाली. ह्यात लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर स्क्रीनचं चित्र उचलतं, दाबून छोटं करतं, साध्या डेटासारखं यूएसबीतून पाठवतं आणि डॉकमधली चिप ते परत उलगडून मॉनिटरवर टाकते. म्हणजे पहिला नळाचा पाइप झाला आणि दुसरं टँकरनं पाणी. सोलापूरकरांना जास्त सांगायला नको, टँकर आला की गेटवर कुणीतरी विचारणारच, कुठून आला, कुणी मागवला.

आता लॅपटॉपच्या जागी बसून विचार करा. एक सॉफ्टवेअर म्हणतंय की मला तुझी पूर्ण स्क्रीन सारखी बघू दे आणि ती मी यूएसबीतून बाहेर पाठवणार. चोरून स्क्रीन बघणारं व्हायरस पण हेच करतं की! दोघांत फरक काय ते मशीनला कसं कळणार. म्हणून ती परवानगी तुमच्याकडून मागते, आणि तुम्ही घाईत "डोन्ट अलाव" दाबलं की मॉनिटर काळा. तुम्ही विसरून जाता, मशीन विसरत नाही.

तुमचा डॉक कुठल्या जातीचा हे ओळखायला सोपंय. लॅपटॉपकडं जाणारं टोक जुन्या चपट्या यूएसबीचं असेल तर शंभर टक्के दुसरी जात, कारण त्या चपट्या यूएसबीतून सरळ चित्र जातच नाही. टोक टाइप-सी असेल तर सांगता येत नाही, मग खोक्यावर डिस्प्लेलिंक लिहिलंय का बघा, खोकं फेकलं असेल तर मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमधल्या यूएसबीच्या यादीत आणि विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव दिसतं. अजून एक, एम१ किंवा एम२ चिपचा मॅकबुक एअर असेल आणि त्यावर दोन वेगवेगळे बाहेरचे मॉनिटर चालवायचे असतील तर साध्या डॉकनं ते होणारच नाही, ती मशीन बाहेरचा एकच मॉनिटर घेते, दोन लावले तर दोन्हीवर तेच ते चित्र. तिथं डिस्प्लेलिंकवालाच डॉक घ्यावा लागतो, आणि तो घेतला की परवानगीची भानगड आलीच.

मग एक छोटी टेस्ट करा, ह्याच्यातच अर्धं काम होतं. डॉकला एक माऊस लावा. माऊस चालतोय, चार्जिंग होतंय, फक्त चित्र नाही, असं असेल तर डॉक जिवंत आहे, ड्रायव्हर किंवा स्क्रीनची परवानगी अडलीय. चार्जिंग होतंय पण माऊसही चालत नाही, तर लॅपटॉपनं डॉकलाच आत घेतलेलं नाही (किंवा टाइप-सी केबल नुसती चार्जिंगची आहे, मोबाइलच्या चार्जरची केबल डॉकला लावणारे महाभाग मी बघितलेत). काहीच होत नाही, लाइटसुद्धा लागत नाही, तर मात्र केबल आणि डॉकचा ॲडॉप्टर बघा, इथं पुढं वाचायची गरज नाही.

आता मॅकवाले.

डिस्प्लेलिंकचं जे ॲप टाकायचं त्याचं नाव डिस्प्लेलिंक मॅनेजर. ते कंपनीच्या साइटवरनंच घ्या, आणि ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्येच ठेवा, डाउनलोड्समधनं चालवत बसू नका. मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये जा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडा, खाली स्क्रीन अँड सिस्टिम ऑडिओ रेकॉर्डिंग सापडेल, थोड्या जुन्या मॅकवर नुसतं स्क्रीन रेकॉर्डिंग. त्यात डिस्प्लेलिंक मॅनेजरचं बटण चालू करायचं, तो पासवर्ड मागेल, नंतर ॲप बंद करून परत उघडू का विचारेल, हो म्हणायचं. नव्वद टक्के पब्लिक इथंच सुटते (नव्वद हा माझा अंदाज हो, मोजलेलं नाही).

ही परवानगी मॅकमध्ये २०१९ च्या कॅटालिना व्हर्जनपासून आली. नाव रेकॉर्डिंग असल्यामुळं लोक घाबरतात. विजापूर रोडच्या एका पोरीच्या घरी गेलो होतो, पुण्याच्या कंपनीचं काम घरनं करते, तिचे वडील माझ्या मागंच उभे. लॉक स्क्रीनवर तुमची स्क्रीन बघितली जातीय अशा अर्थाची इंग्रजी ओळ येत होती, त्यांनी ती वाचली आणि मला म्हणाले, "म्हणजे कंपनीवाले दिवसभर घरात बघत बसलेत का वो?" नाही काका, ते डॉकचं ॲपच स्क्रीन उचलतंय म्हणून मॅक तसं लिहितो. त्यांना पटायला चहा आणि शेंगाची चटणी-भाकरी एवढा वेळ लागला, मला काही तक्रार नाही. पण त्यांची शंका चुकीची पण नव्हती. ही परवानगी खरंच मोठी आहे, म्हणून त्या यादीत अजून कुठली ॲप्स बसलीत ते गेलाच आहात तर बघून घ्या, ओळखीचं नसेल ते बंद करा.

आता चक्रावणारा प्रकार, बटण चालू दिसतंय आणि तरी मॉनिटर काळा. हे बहुतेक मॅक अपडेट झाल्यावर किंवा ॲपचं जुनं व्हर्जन राहून नवीन वर टाकल्यावर होतं. यादीत नाव असतं पण ते जुन्या ॲपचं असतं, नवीन बिचारं बाहेरच उभं. अशा वेळी बटण बंद-चालू करून काही होत नाही. यादीतलं ते नाव सिलेक्ट करून खालच्या वजा चिन्हानं काढून टाका, ॲप पूर्ण बंद करा, मग अधिक चिन्हानं ॲप्लिकेशन्स फोल्डरमधनं परत निवडून घ्या आणि मॅक एकदा रिस्टार्ट करा.

२०२४ च्या सिक्वोयापासून अजून एक वैताग, मॅक एकदा हो म्हटल्यावर गप्प बसत नाही, मधूनमधून परत विचारतो की ह्या ॲपला अजून स्क्रीन बघू द्यायची का. बरोबर मीटिंगच्या आधी विचारणार. तिथं न वाचता कॅन्सल दाबायचं नाही एवढंच.

चार्जिंग होतंय पण माऊसही नाही म्हणालो ना, ते मॅकवर दुसऱ्या कडीचं लक्षण. एम सिरीजच्या लॅपटॉपवर व्हेंचुरा म्हणजे २०२२ पासून नवीन काहीही यूएसबीला लावलं की हे जोडू देऊ का असं विचारतात. तिथं नको म्हटलं तरी चार्जिंग चालूच राहतं, म्हणून माणसाला वाटतं डॉक तर चालतोय. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्येच खाली अलाव ॲक्सेसरीज टु कनेक्ट असं आहे, ते बघा. सगळ्यात सोपं म्हणजे डॉक काढा, मॅक अनलॉक करा, पासवर्ड टाकून आत या, मग डॉक लावा आणि विचारलं की हो म्हणा. झाकण बंद ठेवून फक्त मॉनिटरवर काम करणाऱ्यांची इथं जास्त पंचाईत होते कारण प्रश्न आला तरी तो बंद झाकणाखाली. नवीन डॉक पहिल्यांदा लावताना झाकण उघडं ठेवा.

आणि लॉगिनच्या स्क्रीनला मॉनिटर काळा, आत गेल्यावर चालू, ही तक्रार असेल तर त्यात बिघाड काही नाही. ॲप तुम्ही आत गेल्यावर चालू होतं. डिस्प्लेलिंकचं लॉगिन एक्स्टेन्शन वेगळं मिळतं, ते टाकावं लागतं.

जुन्या इंटेल चिपवाल्या मॅकची गोष्ट वेगळी. २०१७ च्या हाय सिएरापासून मॅकनं असा नियम केला की बाहेरचा ड्रायव्हर सिस्टिमच्या गाभ्यात शिरणार असेल तर मालकानं स्वतः हो म्हणायचं. सिक्युरिटी अँड प्रायव्हसीच्या जनरलमध्ये खाली एक अलाव बटण येतं, पण ते ड्रायव्हर अडवल्यावर फक्त ३० मिनिटं दिसतं, नंतर गायब. गायब झालं तर रिस्टार्ट करून डॉक परत लावायचा की परत येतं.

ह्या बटणानं माझी एकदा जाम फजिती केली. होटगी रोडला एक रिटायर्ड प्राध्यापक काका आहेत, त्यांचा जुना मॅकबुक, ऑनलाइन शिकवण्या घ्यायला मोठा मॉनिटर लावायचा होता. मे महिन्याची दुपार, बाहेर ऊन असलं की डांबर वितळेल, म्हटलं कशाला जायचं, रिमोटवरनं करून टाकू. सगळं केलं, शेवटी अलाव दिसलं, दाबलं, काही नाही. परत दाबलं. डबल क्लिक केलं. बटण दिसतंय, माऊस त्याच्यावर जातोय, पण दबतच नाही. वीस मिनिटं मी तेच करत होतो. मग डोक्यात ट्यूब पेटली आणि काकांना फोनवर म्हटलं, "काका, आता तुमच्या हातानं दाबा बरं तेवढं."

"मघापासून तूच दाबायलास की रे, मी बघायलोय नुसतं."

त्यांनी ट्रॅकपॅडवर एक टिचकी मारली आणि मॉनिटर लागला. ॲपलनं ते बटण मुद्दामच तसं बनवलंय, रिमोटच्या किंवा सॉफ्टवेअरनं मारलेल्या क्लिकला ते भीकच घालत नाही, नाहीतर व्हायरस स्वतःच स्वतःला परवानगी देईल. म्हणजे माणूस समोर पाहिजे, आणि जे माऊसवर बटणं-जेश्चर सेट करायची सॉफ्टवेअरं टाकतात त्यांनाही हा त्रास होतो, त्यांनी तेवढ्यापुरता लॅपटॉपचा ट्रॅकपॅड वापरायचा.

विंडोजकडं येऊ. इथं स्क्रीन बघायची परवानगी वगैरे विचारत नाहीत, इथं ड्रायव्हरच दारात अडवतात, आणि का अडवला हे चार पडदे बाजूला केल्यावर कळतं.

साखर पेठेकडचे एक अण्णा आहेत, जेकार्ड चादरीची डिझाइनं करतात. एका स्क्रीनवर चौकटीचौकटीचा ग्राफ, एकेक चौकट म्हणजे उभा-आडवा धागा एकमेकांना ओलांडतात ती एकेक जागा, दुसऱ्या स्क्रीनवर पार्टीनं व्हॉट्सॲपवर पाठवलेला मोराचा फोटो. दोन स्क्रीन नसतील तर मोराची मान बघायला फाइल खाली करायची, परत ग्राफ वर आणायचा, तोवर कुठली चौकट होती ते विसरायचं. त्यांच्याकडं बारा-तेरा वर्षांपूर्वीचं यूएसबी टु व्हीजीए (यूएसबीतून जुन्या मॉनिटरला चित्र देणारा अडॅप्टर) होतं, सोबत सीडी आलेली. विंडोज १० पर्यंत ते मस्त चाललं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा फुकटचा सपोर्ट संपला म्हणून मुलानं नवीन लॅपटॉप घेऊन दिला, विंडोज ११ वाला, आणि ते यूएसबी टु व्हीजीए लागंना झालं. अण्णा मुलावर चिडलेले, मुलगा दुकानदारावर.

डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर त्याच्यावर पिवळा त्रिकोण. त्यावर डबल क्लिक केलं की डिव्हाइस स्टेटसमध्ये एक कोड नंबर येतो, तो नंबर वाचल्याशिवाय पुढं काही करू नका. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हर लोडच झाला नाही, फाइल तरी खराब किंवा कुणीतरी अडवला. कोड ४८ म्हणजे हा ड्रायव्हर त्रासदायक आहे हे आधीच माहीत असल्यामुळं विंडोजनं तो चालूच होऊ दिला नाही. अण्णांकडं ३९ होता.

मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथनं विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, आणि कोअर आयसोलेशन डिटेल्स. इथं मेमरी इंटेग्रिटी नावाचं बटण आहे, हीच ती कडी. हे चालू असलं की विंडोज आपल्या गाभ्यात शिरणारा प्रत्येक ड्रायव्हर एका वेगळ्या बंद खोलीत नेऊन तपासतं आणि जुन्या पद्धतीनं लिहिलेला असेल तर घेत नाही. नवीन विंडोज ११ लॅपटॉपवर हे बहुतेक आधीपासूनच चालू असतं, जुन्या मशीनवर १० चं ११ केलं असेल तर बऱ्याचदा बंद असतं. म्हणून तोच अडॅप्टर एका लॅपटॉपवर चालतो आणि दुसऱ्यावर नाही, आणि माणूस म्हणतो नवीन लॅपटॉपचं यूएसबीच खराब आलंय.

खात्री करायची असेल तर टेस्टपुरतं मेमरी इंटेग्रिटी बंद करा, रिस्टार्ट करा, अडॅप्टर लावा. लागला मॉनिटर? म्हणजे चोर सापडला. पण तसंच सोडून जायचं नाही, लगेच पुढचं काम करायचं. पुढचं काम म्हणजे जुना ड्रायव्हर मुळापासून काढणं. नुसतं अनइन्स्टॉल दाबून भागत नाही, अनइन्स्टॉल डिव्हाइस म्हणताना ड्रायव्हर पण काढून टाका अशा अर्थाची जी टिक येते ती करायची. त्या अडॅप्टरचं सॉफ्टवेअर कंट्रोल पॅनलमध्ये असेल तर तेही काढा. मग रिस्टार्ट, मग चिपच्या कंपनीच्या साइटवरनं नवीन ड्रायव्हर, मग मेमरी इंटेग्रिटी परत चालू. ते चालू होताना कुरकुर करत असेल तर तिथंच इनकम्पॅटिबल ड्रायव्हर्सची यादी दाखवतात, त्यात ओईएम आणि पुढं एक नंबर अशा नावाची फाइल आणि कंपनीचं नाव असतं, कुणाचा ड्रायव्हर आडवा आलाय ते तिथं कळतं. कधीकधी तो डॉकचा नसतोच, पाच वर्षांपूर्वी टाकलेल्या कुठल्यातरी प्रिंटर नाहीतर डोंगलचा असतो.

डिस्प्लेलिंकचे नवीन ड्रायव्हर ह्या झंझटीत सहसा अडकत नाहीत. २०१६ च्या विंडोज १० ॲनिव्हर्सरी अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं असल्या डिस्प्लेसाठी वेगळा रस्ता करून दिला, त्यात ड्रायव्हर गाभ्यात शिरतच नाही, बाहेरच्या खोलीत बसून काम करतो. म्हणून सीडीवरचा ड्रायव्हर सीडीतच राहू द्या. सीडी बरोबर आलीय म्हणून तीच टाकायची हा आपल्याकडचा फार मोठा गैरसमज आहे, लोक सीडी ड्राइव्ह उसना आणतात पण साइट उघडत नाहीत.

अण्णांच्या अडॅप्टरमधली चिप एवढी जुनी की नवीन ड्रायव्हर कुणी काढलेलाच नाही. मी सांगितलं, "अण्णा, ह्याचे दिवस भरले, नवीन घ्या." ते म्हणाले, "ते बंद करून चाललं की वो मघाशी, तसंच ठेवा की." आता ह्याच लॅपटॉपवर ते बँकेचे व्यवहार करतात आणि अनोळखी नंबरवरनं आलेल्या फाइलीही उघडतात, गिऱ्हाईकाची ऑर्डर असेल म्हणून. एका जुन्या अडॅप्टरसाठी दार कायमचं उघडं ठेवणं मला पटलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना अडॅप्टर लागतच नव्हता, नवीन लॅपटॉपला एचडीएमआय होतं, मॉनिटरला नुसतं व्हीजीए, मध्ये एक साधा एचडीएमआय टु व्हीजीए कन्व्हर्टर लावला आणि मोर दिसला. ड्रायव्हरच नाही तर भांडण कुणाशी. तुम्ही पण ड्रायव्हरच्या मागं लागायच्या आधी लॅपटॉपच्या दोन्ही कडा एकदा नीट बघा.

आता तो किस्सा. कोड ५२ आला की यूट्यूबवर दोन उपाय सापडतात. एक, स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन ड्रायव्हरची सही तपासणं बंद करायचं, सात नंबरचा पर्याय. ते पुढच्या रिस्टार्टपर्यंतच टिकतं, म्हणून लोक म्हणतात काल चालत होतं आज नाही. दुसरा उपाय बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे मशीन चालू होतानाच सही तपासणारी कडी, बंद करणे. एका सीए ऑफिसातल्या आर्टिकल (सीएचं ट्रेनिंग घेणाऱ्या) पोरानं हे केलं, दिवस जीएसटी रिटर्न भरायचा शेवटचा म्हणजे २० तारीख, लॅपटॉप सरांचा. चालू केला तर निळी स्क्रीन, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की टाका. ह्याला घाम फुटला, परत बायोसमध्ये गेला आणि हाताला येईल ते बदललं, टीपीएम (त्या कुलपाची चावी सांभाळणारी चिप) क्लियरसुद्धा केलं.

नुसतं सिक्युअर बूट परत चालू केलं असतं तर बहुतेक तिथंच मिटलं असतं, कारण मशीन आधी होती तशी दिसली की बिटलॉकर शांत होतं. पण टीपीएम पुसल्यावर चावीशिवाय सुटका नाही. चावी ४८ आकडी, सहा-सहाचे आठ गट, आणि ती सरांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला, आणि सर लग्नात. सरांनी मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात उभं राहून मोबाइलवर अकाउंट उघडलं आणि फोनवर आकडे वाचायला सुरुवात केली, मागं बँड.

"तीन, सहा, शून्य…"

"सर एक की शून्य?"

"अरे शून्य, शून्य! थांब, वरात आली."

चौथ्या गटात एक आकडा चुकला की परत पहिल्यापासून. शेवटी मी म्हटलं सर स्क्रीनशॉट काढून ह्याच्या मोबाइलवर पाठवा की. ते कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. (नंतर तो फोटो दोघांकडनंही डिलीट करायला लावला, चावी ती चावी.)

तर बायोसला हात लावायच्या आधी मशीनवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालूय का बघा, घरगुती लॅपटॉपवरही ते तुमच्या नकळत चालू असू शकतं. चावी आधी कागदावर उतरवून ठेवा, बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा, मगच काय ते. आणि डॉकसाठी एवढं करायची पाळी सहसा येतच नाही. सही नसलेला ड्रायव्हर असेल तर सहीवाला शोधा, सापडत नसेल तर तो डॉक दुकानदाराला परत द्या.

थंडरबोल्टवाल्या (टाइप-सीसारखंच दिसणारं पण जास्त वेगाचं कनेक्शन) महागड्या डॉकची गंमत अजून वेगळी. लॅपटॉप लॉक असताना लावला तर काही नाही, आत जाऊन लावला तर सगळं चालू. हा कर्नल डीएमए प्रोटेक्शनचा परिणाम असू शकतो, २०१८ पासूनच्या विंडोज १० मध्ये आलंय, म्हणजे तुम्ही चहाला गेलात आणि कुणी मागनं येऊन थंडरबोल्टला काहीतरी खुपसून मेमरी वाचू नये म्हणून. आधी लॉगिन, मग डॉक, एवढाच उपाय. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये थंडरबोल्टची सिक्युरिटी लेव्हल पण असते, त्यात नुसतं डिस्प्लेपोर्ट असं ठेवलेलं असेल तर उलटा खेळ होतो, मॉनिटर लागतो पण डॉकचं लॅन आणि माऊस मेलेले.

लिनक्सवाले कमी येतात पण आले की रात्री अकराला मेसेज करतात. तिथं डिस्प्लेलिंकच्या ड्रायव्हरबरोबर ईव्हीडीआय नावाचं मोड्यूल (ड्रायव्हरचा एक तुकडा) तुमच्याच मशीनवर तयार होतं, त्यामुळं त्यावर कुणाची मान्य सही नसते आणि सिक्युअर बूट चालू असलं की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ते घेत नाही. उबुंटूमध्ये टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि मग रिस्टार्ट. खरी मेख रिस्टार्टलाच आहे, एक निळी स्क्रीन येते आणि दहा सेकंद थांबते, त्या दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबून एनरोल एमओके निवडायचं, कंटिन्यू, येस, मघाचा पासवर्ड, रिबूट. पोरं रिस्टार्ट मारून पाणी प्यायला जातात, ती स्क्रीन येऊन निघून जाते, आणि मग म्हणतात ड्रायव्हर बोगस आहे. चुकली तर नोंदणीची कमांड परत चालवून परत रिस्टार्ट, ह्या वेळी समोर बसा.

कंपनीचा लॅपटॉप असेल तर माझ्याकडं आणू नका, खरंच. बटण राखाडी दिसतंय, किंवा हे तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरनं ठरवलंय असं लिहिलंय, किंवा डिव्हाइस टाकायला पॉलिसीनं बंदी आहे असं येतंय, तर ती कडी तुमच्या आयटीवाल्यांनी लावलीय आणि ती त्यांनीच काढायची. मेल टाकताना नुसतं "मॉनिटर चालत नाही" लिहू नका, ते तुम्हाला केबल बदलायला सांगतील आणि तिकीट बंद करतील. डॉकचं मॉडेल, आत डिस्प्लेलिंक चिप आहे, मॅक असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंगचं बटण मला दाबता येत नाही, विंडोज असेल तर कोड नंबर, आणि एक स्क्रीनशॉट, एवढं टाका. मॅकवर ही परवानगी आयटीवाले लांबून परस्पर देऊ शकत नाहीत, फक्त साध्या युजरला ती स्वतः देता येईल एवढी सोय करू शकतात, हे पण लिहा, काहींना माहीत नसतं.

एक राहिलं. सगळं चाललं, एक्सेल दिसतंय, फक्त मॅच किंवा सिनेमा लावला की मॉनिटरवर तेवढा चौकोन काळा आणि आवाज मात्र येतोय, असं झालं तर परत ड्रायव्हर काढायला बसू नका. ओटीटीवाल्यांचं चित्र कॉपी होऊ नये म्हणून कुलूपबंद असतं, आणि आपला डॉक तर चित्र उचलूनच चालतो, म्हणून मॅकवर डिस्प्लेलिंक चालू असताना तेवढं चित्र देत नाहीत. मॅच बघायची असेल तर डिस्प्लेलिंक मॅनेजर बंद करा आणि लॅपटॉपच्याच स्क्रीनवर बघा, किंवा मॉनिटर सरळ टाइप-सी टु एचडीएमआयनं लावा. त्या विजापूर रोडच्या काकांनी आयपीएलच्या दिवसांत मला ह्याच कामासाठी दोनदा बोलावलं, दुसऱ्यांदा मी ही ओळ कागदावर लिहून डॉकच्या खालीच चिकटवून आलो.